सड्यावरच्या दोन तारा उतरवू नका : आमच्या शिक्षणसंस्थेस खुले पत्र

आमच्या शिक्षणसंस्थेचे माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी आपल्या शाळेत २८ वर्षे विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतरही दर शनिवारी विज्ञान मंडळाच्या मुलांबरोबर सड्यावर, म्हणजे शाळेच्या कातळी माळावर, येत राहिले. तेथे आम्ही गुरू ग्रहाकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकण्यासाठी तारांचा अँटेना उभारला आहे. सड्यावरील ‘निरुपयोगी तारा व खांब’ आठ दिवसांत काढून न्यावेत, अन्यथा संस्था ते काढून टाकील, अशी सूचना गेल्या सोमवारी शाळेच्या फलकावर लागली आहे. मंडळाने तसा ठराव केल्याचे कानावर आल्यापासून मी दोन पत्रे कार्यालयात दिली. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही. मुदत संपत आली म्हणून हे तिसरे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. ही शाळा पंचक्रोशीतल्या घराघरांतून आलेल्या वर्गणीवर उभी राहिली, गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांनी तिच्यासाठी पावत्या फाडल्या. तेव्हा तिच्या सड्यावर काय राहते आणि काय जाते, हे त्या सर्वांना कळले पाहिजे.

ज्यांनी त्या तारा कधी जवळून पाहिल्या नाहीत, त्यांच्यासाठी आधी त्यांचे वर्णन करते. जांभ्याच्या कातळात पहारीने खड्डे पाडून रोवलेले पोफळीचे चार खांब आहेत. त्यांच्यावर तांब्याच्या दोन तारा एकमेकींना समांतर ताणल्या आहेत. प्रत्येक तार सुमारे ७ मीटर लांब असून मधोमध कापलेली आहे आणि कापलेल्या जागी टीव्हीला वापरतात तसली केबल जोडली आहे. दोन्ही केबली प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत येतात आणि एका लहानशा रिसीव्हरला मिळतात. हा रिसीव्हर २०.१ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर ऐकतो. त्या लहरीची लांबी साधारण १५ मीटर, म्हणून तारेची लांबी तिच्या निम्मी. १९९८ पासून जगभरच्या शाळांसाठी चालत आलेल्या रेडिओ जोव्ह प्रकल्पाच्या आराखड्यावरून आम्ही हे उभे केले. खांब एका पालकांच्या बागेतले, बाकीचा खर्च माझ्या पगारातला. संस्थेवर त्याचा एक रुपयाही भार पडलेला नाही.

या तारांतून गुरू ग्रह ऐकू येतो. गुरूकडून रेडिओ लहरी येतात, हे १९५५ मध्ये बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन या अमेरिकी शास्त्रज्ञांना, दुसरेच काही शोधत असताना, उमगले. १९६४ मध्ये बिग या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञाने दाखवून दिले की या लहरी कधी जोरात येणार, हे गुरूचा उपग्रह आयो कोठे आहे यावर अवलंबून असते. आयोवरचे ज्वालामुखी दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य अवकाशात सोडतात. ते विद्युतभारित होऊन गुरूभोवती कड्यासारखे पसरते आणि आयो त्या गर्दीतून, गुरूच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रातून, साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो. त्या ओघात आयो आणि गुरू यांच्या दरम्यान लक्षावधी अँपिअरची विद्युतधारा वाहते आणि तिच्यातून उठणाऱ्या लहरी पोकळ शंकूच्या आकारात बाहेर पडतात. त्या शंकूची कड पृथ्वीवरून फिरली तर आपल्याला ऐकू येते, नाहीतर रात्रभर बसूनही काही नाही.

नववीच्या वर्गातली एक मुलगी पौषातल्या एका रात्री कानाला हेडफोन लावून बसली होती. दहा वाजून गेले होते. ती एकदम उठली, खिडकीशी गेली आणि म्हणाली, “बाई, भरती लागली काय? गाज वाढली.” बाहेर तेव्हा ओहोटी होती आणि समुद्र खडपाच्या पलीकडे गप्प होता. गाज तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये होती. गुरूच्या एका प्रकारच्या लहरी अशाच येतात. एकामागून एक लाट पुळणीवर फुटावी तशा चढतात आणि ओसरतात, कारण वाटेतला सौरवारा त्यांना कमीअधिक करत असतो. दुसऱ्या प्रकारच्या लहरी कढईतल्या लाह्यांसारख्या तडतडतात आणि प्रत्येक तडतड सेकंदाच्या काही हजारांश भागांत संपते. त्या मुलीने त्या रात्री दोन्ही ऐकल्या, वेळ मिनिटासकट वहीत लिहिली आणि दुसऱ्या दिवशी आयोच्या जागांच्या तक्त्याशी ताडून पाहिली. आयो तेव्हा जेथे असायला हवा होता, तेथेच होता. ज्या वस्तूला सूचनेत निरुपयोगी म्हटले आहे, तिचा हा उपयोग आहे. ठरावावर सह्या करणाऱ्यांपैकी कोणीही तो हेडफोन एकदाही कानाला लावलेला नाही आणि न ऐकताच निकाल दिला, ही माझी पहिली तक्रार आहे.

दुसरी तक्रार सड्यावर येऊ घातलेल्या दिव्यांची आहे आणि तीच सर्वांत गंभीर आहे. सड्यावर कार्यक्रमाचे मैदान करून त्याच्या चार कोपऱ्यांना उंच खांबांवर एलईडी दिव्यांचे झुबके लावायचे आणि ते रात्रभर चालू ठेवायचे, असे ठरावात आहे. प्रकाशाने तारांचे काही बिघडत नाही. बिघडते ते दिव्यांना वीज पुरवणाऱ्या खोक्यांमुळे. वीज फार वेगाने चालू-बंद करून दिव्याला हवी तशी देणारे हे स्वस्त सर्किट स्वतःच रेडिओ गोंगाट करते आणि तो गोंगाट नेमका आम्ही ऐकतो त्या पट्ट्यातही पसरतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मागच्या वर्षी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली एक नवा बल्ब लागला, तेव्हापासून रिसीव्हरला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावरची, आवाजाची पातळी दाखवणारी रेघ वर चढून बसली आणि कानात अखंड घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. मुलांनी एकेक बटण बंद करत शोध घेतला. तो बल्ब बंद झाला आणि रेघ खाली उतरली. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी लगेच बल्ब बदलून दिला, त्यांचे आभार मी येथे पुन्हा मानते. तारांपासून ४० पावलांवरच्या एका बल्बने जे केले, ते तारांच्या माथ्यावर लागणाऱ्या चार झुबक्यांनी किती पटींनी होईल, याचा विचार ठराव करताना झालेला नाही. मैदान खांबांच्या अलीकडे करून तारा जागेवर ठेवल्या तरीही त्या बहिऱ्या होतील, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

शांत जागा हीच मोजमापाची पहिली सामग्री असते, ही गोष्ट कोकणाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाहिली आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून घेतल्या जात होत्या. शहरात विजेवर ट्राम धावणार असे ठरले, तेव्हा तिच्या विजेने चुंबकसूच्या ढळतील हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी सुमारे ३० किलोमीटर दूर, समुद्रापलीकडच्या अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी बरोबरीने नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी, आणि मगच कुलाब्याचे काम थांबले. ट्राम कोणी अडवली नाही आणि नोंदींचा धागाही कोणी तुटू दिला नाही. अलिबागला आजही मोजमाप चालते. आमच्या चार पोफळींची तुलना मी त्या वेधशाळेशी करत नाही, परंतु तेव्हा जी काळजी घेतली गेली, तिच्या शतांशानेही काळजी आमच्या वाट्याला का येऊ नये, हे मला कळत नाही.

गुरूकडे जाणारी यानेही हाच नियम पाळतात. जूस हे युरोपीय यान १४ एप्रिल २०२३ रोजी निघाले. त्याच्या चुंबकमापकांसाठी १०.६ मीटर लांबीचा दांडा बसवला आहे. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेल्या युरोपा क्लिपर या अमेरिकी यानाचा असाच दांडा ८.५ मीटरचा आहे. एवढे लांब दांडे का, तर यानाच्या स्वतःच्या तारा, मोटारी आणि विजेचे खेळ यांचे चुंबकत्व मापकापर्यंत पोहोचू नये म्हणून. कोट्यवधी किलोमीटर प्रवास करून तेथे पोहोचायचे, उपग्रहाशेजारून काही मिनिटांत निघून जायचे आणि त्या मिनिटांत आपल्याच यानाचा गोंगाट नोंदवायचा, ही चूक त्यांना परवडत नाही.

त्या थोड्या मिनिटांत काय हाती लागते, हे सांगितल्यावाचून पुढची तक्रार समजणार नाही. मंडळातील एका सदस्यांनी पालकसभेत विचारले होते की गुरूचा अभ्यास नासा करीलच, आपल्या मुलांच्या दहावीला त्याचा काय उपयोग? प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही नीट देते. दहावीच्या विज्ञानात विद्युतचुंबकीय प्रवर्तन आहे. तारेच्या कुंडलात चुंबक आत-बाहेर केला की गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो, एवढा तो प्रयोग. आता गुरू पाहा. तो ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याचा चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षापासून सुमारे १० अंश कललेला आहे. त्यामुळे त्याचे चुंबकीय क्षेत्र डुलत डुलत फिरते आणि युरोपा या उपग्रहावरून पाहिले तर दर ११ तासांच्या आसपास एकदा ते इकडून तिकडे झुकून परत येते. म्हणजे हलता चुंबक तेथे आयता आहे. कुंडल आहे का, एवढाच प्रश्न होता. गॅलिलिओ यान १९९५ पासून गुरूभोवती फिरत होते. ते युरोपाजवळून जाताना शास्त्रज्ञ मार्गरेट किव्हेलसन यांच्या गटाला चुंबकमापकाच्या आलेखात जी ढळ दिसली, ती युरोपाच्या आत वाहणाऱ्या प्रवर्तित विद्युतधारेशी जुळत होती. याच गटातील कृशन खुराना आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये युरोपा आणि गुरूचाच दुसरा उपग्रह कॅलिस्टो या दोघांविषयी हा पुरावा मांडला. तरी शंका होती की युरोपा स्वतःच कायमचा चुंबक असेल. म्हणून गुरूचे क्षेत्र उलट बाजूला झुकलेले असताना, जानेवारी २००० मध्ये, यान पुन्हा त्याच्याजवळून गेले आणि युरोपाचे क्षेत्रही उलटलेले आढळले. कायमचा चुंबक असा उलटत नाही. युरोपाच्या बर्फाळ कवचाखाली वीज वाहून नेणारा थर आहे आणि त्याचे सर्वांत सरळ उत्तर म्हणजे खारट पाण्याचा समुद्र, या निष्कर्षाला दहावीच्या त्या प्रयोगानेच नेले.

आमच्या मुलांनी याची एक बाजू स्वतः तपासली. विहिरीचे पाणी एका वाटीत, खाडीचे दुसऱ्या वाटीत, सेल आणि छोटा दिवा घेऊन त्यांनी पाहिले. विहिरीच्या पाण्यात दिवा लागला की नाही यावरून वाद झाला, खाडीच्या पाण्यात तो लख्ख लागला. त्यानंतर ‘खारट समुद्र वाहक असतो’ हे वाक्य कोणाला पाठ करावे लागले नाही. गॅनिमीडची गोष्ट तर आणखी निराळी. ५२६८ किलोमीटर व्यासाचा हा उपग्रह बुध ग्रहाहून मोठा आहे आणि १९९६ च्या भेटीत गॅलिलिओला कळले की त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे, जे दुसऱ्या कोणत्याही उपग्रहापाशी आढळलेले नाही. गुरूच्या चुंबकांबराच्या, म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या अवकाशाच्या, पोटात आणखी एक लहान चुंबकांबर, हे चित्र फळ्यावर काढताना मला दर वर्षी नव्याने आनंद व्हायचा.

माझी तिसरी तक्रार वह्यांची आहे. विज्ञान मंडळाचे कपाट रंगकामासाठी रिकामे करताना निरीक्षणांच्या ११ वह्या गोणीत भरून रद्दीत गेल्या. एका शिपाईदादांनी धावपळ करून चार परत आणल्या, सात गेल्या. कोणाला विचारले नाही, कोणी सांगितले नाही. त्या वह्यांत बहुतेक पानांवर ‘काही ऐकू आले नाही’ असे लिहिले होते, म्हणून त्या कोऱ्यासारख्याच वाटल्या असतील. पण ‘आज, या वेळेपासून या वेळेपर्यंत ऐकले, काही आले नाही’ ही पूर्ण नोंद असते. नासाचे जूनो यान २०१६ मध्ये गुरूभोवती फिरू लागले. ते ३० डिसेंबर २०२३ आणि ३ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोपासून सुमारे १५०० किलोमीटरवरून गेले. त्या पहिल्या भेटीच्या आठवड्यात आम्ही तीन रात्री बसलो. दोन रात्री शून्य, तिसऱ्या रात्री सव्वाअकरानंतर सहा मिनिटे तडतड. याआधी जूनो ७ जून २०२१ रोजी गॅनिमीडपासून १०३८ किलोमीटरवर आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी युरोपापासून अवघ्या ३५२ किलोमीटरवर गेले होते. यान जवळून पाहते, पण एका वेळी एकाच जागेवरून. दुरून सलग ऐकणाऱ्याला रेडिओ लहरींचे तेच वादळ केव्हा सुरू झाले आणि केव्हा ओसरले, हे कळते. अशा लांबलचक नोंदी एका वर्षात उगवत नाहीत. कलमाला फळ धरायला काही वर्षे द्यावी लागतात हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही, आणि मोजमापाची मालिका मात्र मध्येच तोडली तरी चालते असे आपण धरून चालतो, याचे मला दुःख आहे.

काळाचा हिशेबही एकदा पाहावा. युरोपा क्लिपर एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल आणि युरोपाजवळून ४९ वेळा जाईल, त्यांतल्या काही वेळा अवघ्या २५ किलोमीटरवरून. गुरूचे प्रारण इतके प्रखर आहे की यानाला युरोपाभोवती मुक्काम करता येत नाही. गुरूभोवती लांब फेरी घ्यायची, युरोपाला चाटून जायचे आणि पुन्हा दूर पळायचे, अशी त्याची चाल आहे. जूस जुलै २०३१ मध्ये पोहोचेल, उपग्रहांच्या ३५ भेटी घेईल आणि २०३४ च्या अखेरीस गॅनिमीडभोवती फिरू लागेल. शाळेत यंदा, म्हणजे २०२५-२६ साली, आठवीत असलेली मुले क्लिपर पोहोचेल तेव्हा बारावीच्या निकालाची वाट पाहत असतील. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीला तेव्हा वर्तमानपत्रातली बातमी वाचून ‘हा आयो आम्ही सड्यावर ऐकला होता’ असे म्हणता यावे, यासाठी मी एवढी वर्षे रात्री जागले. नेमकी आत्ता, उरलेल्या या चार वर्षांच्या तोंडावर, तारा उतरवल्या तर त्या पुन्हा कोणी चढवणार नाही.

माझा दिव्यांना विरोध नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण गावात तसे बोलले जात आहे. एसटीच्या थांब्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचा चढ खरोखरच काळोखा आहे. संध्याकाळच्या जादा तासाहून परतणाऱ्या मुली तेथून घोळक्याने जातात आणि पावसाळ्यात साप निघतो. दिवे तेथे हवेत आणि आधीच लागायला हवे होते. जेथे रात्री कोणी जात नाही त्या सड्यावर झुबके आणि जेथून मुली चालत येतात तो चढ काळोखात, ही विभागणी मला मान्य नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. तारा काढण्याच्या सूचनेस आजच स्थगिती द्यावी आणि त्या आहेत तेथे राहतील असा ठराव मंडळाच्या पुढच्या सभेत करावा. सड्यावर दिवे लावायचेच असतील तर कार्यक्रमाच्या दिवसांपुरते लावावेत, त्यांना स्वतंत्र बटण असावे आणि एरवी रात्री ९ ते पहाटे ५ ते बंद राहावेत; दिवे घेण्यापूर्वी एक झुबका आणून आमच्या रिसीव्हरसमोर रात्रभर चालवून पाहावा, ती चाचणी विज्ञान मंडळाची मुले विनामूल्य करून देतील. ठरलेल्या दिव्यांपैकी निदान अर्धे एसटी थांब्याच्या चढावर लावावेत. उरलेल्या चार वह्या कुलपाच्या कपाटात ठेवाव्यात आणि यापुढे विज्ञान मंडळाची कोणतीही नोंद शिक्षकांच्या लेखी संमतीशिवाय हलवू नये. गेलेल्या सात वह्यांबद्दल खेद व्यक्त करावा, तो मला नव्हे, ज्यांचे अक्षर त्यांत होते त्या मुलांकडे. प्रयोगशाळेची ती एक खिडकी आणि तिच्याखालचे टेबल, एवढी जागा २०३५ पर्यंत या कामासाठी राखून ठेवावी. आणि या पत्राचे उत्तर लेखी द्यावे, होकार असो वा नकार.

आपल्यातल्या कोणालाही स्वतः ऐकायचे असेल तर येत्या शनिवारी रात्री साडेनऊपासून मी आणि मुले प्रयोगशाळेत आहोत. त्या रात्री आयो अनुकूल जागी येतो आहे. ऐकू येईलच असे वचन देता येत नाही, पण शक्यता चांगली आहे. बॅटरी बरोबर आणावी, पायवाटेवर कातळ निसरडा आहे. हेडफोन दोन आहेत, पाळीपाळीने सर्वांना मिळतील.

कळावे,

आपली विश्वासू,
शाळेची एक निवृत्त विज्ञान शिक्षिका